गोलकीपरला कॅप्टन कर

१८ ऑगस्ट, सोमवार

चि. लंबूस आजीचे आशीर्वाद.

तर सगळ्यांत आधी उगवले घड्याळजी. बोलावलं होतं पाचला, हे चारलाच दारात, आणि वर मलाच म्हणतात, "वहिनी, माझं घड्याळ जरा पुढे गेलंय." आपल्यासमोर एवढं घड्याळदुरुस्तीचं दुकान मांडून बसलेला माणूस, आणि स्वतःचं घड्याळ तासभर पुढे. मी बिस्किटांचा डबा तेवढा वरच्या फळीवर ठेवला. मग आले इस्त्रीमामा. त्यांना यायला दहा पावलं, पण हॉटेलच्या चादरींचा गठ्ठा उरकल्याशिवाय ते इस्त्री खाली ठेवत नाहीत, ते तू जाणतेसच. तुझी आई दवाखान्यातलं काम आटोपून थेट लाँड्रीतच आली. तुझा बाप तर काय, लाँड्री त्याचीच, सकाळपासून आत असूनही तो सगळ्यांच्या शेवटी येऊन बसला, मालक असल्यासारखा.

कसली बैठक म्हणशील. अगं, तुमच्या त्या फॅन्टसी फुटबॉलची. नवा सीझन सुरू झाला म्हणून सगळे मागच्या खोलीत आपापले संघ करायला जमले होते. आणि यंदा मीपण आहे. हस तू. इस्त्रीमामा म्हणाले, "आजी सगळे सामने बघतात, पंचाला शिव्या देतात, मग संघ का नको?" झालं, माझं नाव लागलं.

नियम तुझ्या आईने सांगितले. तिचा दिवस जातो लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढण्यात, तेव्हा सांगणंही तसंच, नुसता सांगाडा. "आई, खरे खेळाडू खऱ्या मैदानात खेळणार. आपण घरी बसून त्यांतले पंधरा निवडायचे. प्रत्येकाला किंमत आहे, सगळे मिळून शंभरात बसले पाहिजेत. एका क्लबचे तीनच. अकरा खेळवायचे, चार बाकावर. ते मैदानात जे करतील त्याचे पॉइंट आपल्याला. गोल केला, दुसऱ्याला करून दिला, मागच्यांनी गोल होऊ दिला नाही, की पॉइंट. पिवळं कार्ड खाल्लं की एक कापला. एकाला कॅप्टन करायचं, त्याचे दुप्पट. आठवड्याला एक अदलाबदल फुकट, पुढच्या प्रत्येकीला चार पॉइंट दंड. पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी मुदत संपली की हात लावायचा नाही."

मी म्हटलं, म्हणजे धावणार ती पोरं, धापा टाकणार ती पोरं, आणि मान ताठ आपली.

ती म्हणाली, "हो. सासूसारखं."

मी पंधरा निवडले ते फोटो बघून. ज्यांचे गाल बसलेत ते घेतले नाहीत. पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यातले पाच मला आवडले, पण तीन झाल्यावर फोन ऐकेना. तुझा बाप म्हणाला, "आई, संघ करायचाय, गठ्ठा बांधायचा नाही."

मग तुझ्या आईने आपल्या लीगची यादी दाखवली. चौथी शिकलेली असले तरी नावं वाचता येतात मला. तुझा बाप, तुझी आई, घड्याळजी, इस्त्रीमामा, मी. आणि सहावं, "लंबूचे अकरा".

मी म्हटलं, हे जुनं राहून गेलं असेल. तुझी आई म्हणाली, "राहत नाही, आई. दर वर्षी नवा संघ स्वतः करावा लागतो. तिने केलाय. गेल्या वर्षीही केला होता."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"यांना विचारा. हे रोज बघतात."

तुझा बाप उठला आणि उशांचे अभ्रे मोजायला लागला. ते सकाळीच मोजून झाले होते.

तू गेलीस त्याला सव्वा वर्ष झालं. आईचा फोन तेवढा उचलतेस, तोही दवाखान्याच्या नंबरावरून, आणि जेवलीस का, झोपलीस का, एवढ्यावर ठेवून देतेस. सीझनच्या त्या शेवटच्या रविवारी तुझ्या फोनमधला संघ कोणी बदलला, तू अकरा पॉइंटांनी हरलीस आणि बाप जिंकला कसा, या भांडणात मी पडत नाही. मला काय ठाऊक, मी तर माझ्या खोलीत आडवी झाले होते.

वाफेने कागद ओला होतोय, पुरे करते.

तुझी आजी

२९ सप्टेंबर, सोमवार

चि. लंबूस,

पाच पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. नको देऊस. मला आता दुसरी वाट सापडली आहे, पण ती नंतर सांगते, आधी माझी बढाई ऐक.

या आठवड्यात आपल्या लीगमध्ये पहिली कोण, तर मी. झालं असं की माझा तो खळीवाला पोरगा, त्याचा घोटा मुरगळला. सगळे म्हणाले काढा त्याला. मी म्हटलं, दुखण्यात माणसाला काढतात का? उलट त्यालाच कॅप्टन केलं, तेवढंच त्याला बरं वाटेल. तुझा बाप कपाळ धरून बसला. तो खळीवाला अर्थात मैदानात आलाच नाही. पण कॅप्टन आला नाही तर दुप्पट पॉइंट जातात उपकर्णधाराला, हे मला कुठे माहीत? माझा उपकर्णधार म्हणजे तो जाड मानेचा, जागा भरायला घेतलेला. त्याने तीन गोल मारले. बाकी सगळ्यांनी जो कॅप्टन केला होता त्याने पेनल्टी चुकवली. घड्याळजी म्हणाले, "वहिनी, हे डोकं कुठून आणलंत?" मी म्हटलं, माहेरून.

आता ती वाट. मागच्या पत्रात मी सहज लिहिलं होतं, तुझा तो लाल बुटांचा लंगडतोय, त्याला काढ. मुदत संपेपर्यंत दुसऱ्याचा संघ दिसत नाही. शनिवारी मुदत संपली, मी तुझा संघ उघडला, आणि लाल बूट गायब. माझं काळीज असं उडालं की इस्त्रीमामांनी पाणी आणून दिलं.

तुझी आई म्हणते, "आई, त्याला लाखो लोकांनी काढलं. त्याचा स्नायू फाटलाय, सहा आठवडे."

म्हणून मी असं काहीतरी सांगणार आहे जे लाखांतला एकही करणार नाही. तुझा तो टकलू गोलकीपर, त्याला या शनिवारी कॅप्टन कर. गोलकीपरला कोणी कॅप्टन करत नाही, त्याला मिळून मिळून पॉइंट किती मिळणार. तू केलंस तर मी समजेन की माझी पत्रं तू फोडतेस. दुसरं काही नको. पत्र नको, फोन नको. एकदा तो टकलू.

तुझी आजी

६ ऑक्टोबर, सोमवार

माझ्या लंबू,

केलंस गं.

शनिवारी मी बघितलंच नाही, हिंमत होईना. सांगितलं घड्याळजींनी. डोळ्याला भिंग तसंच अडकवलेलं, हातात फोन, रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "मालक, तुमच्या मुलीने गोलकीपरला कॅप्टन केलंय. बोट घसरलं असणार."

तुझा बाप पावती फाडत होता. मान वर न करता म्हणाला, "माझ्या पोरीचं बोट घसरत नाही. काही विचार केला असेल तिने."

"अहो, गोलकीपर."

"मग असेल काही."

ते ऐकून मी आत जाऊन बसले. आनंदाने म्हण, कशानेही म्हण.

आणि त्या टकलूने काय करावं? चार गोल खाल्ले. पूर्ण सामना खेळल्याचे दोन मिळाले, दर दोन गोलांमागे एक असे दोन गेले, राहिलं शून्य. त्याची दुप्पटही शून्य. तुझा संघ चौथ्यावरून सहाव्यावर, पार माझ्याखाली. आणि मी दिवसभर अशी हसत होते की तुझ्या आईने माझं ब्लडप्रेशर बघितलं. तिला मी काही सांगितलं नाही. हे आपल्या दोघींचं.

पण लंबू, म्हातारीने एका ओळीत मागितलं आणि तू पॉइंट पाण्यात घातलेस. माझं मन खातंय. तू अशी, आणि मी. असो. हॉटेलवाल्यांनी पडदे बदललेत, जांभळे आणलेत, धुतले की रंग सोडतात.

तुझी आजी

१५ डिसेंबर, सोमवार

चि. लंबू,

दोन महिने आपण छान बोलतोय. मी विचारलं, बरी आहेस ना, असलीस तर टकलूला बाकावर घे, तू घेतलास. मी विचारलं, खोलीत कोणी सोबतीला आहे का, असलं तर मागे चार उभे कर. तू चार उभे केलेस. विचारलं, मुलगी की मुलगा, मुलगा असला तर पाच कर. तुझे मागे पाच. मी रात्रभर खूश. तुझी आई म्हणाली, "हिचा संघ इतका घाबरट कधीपासून झाला?" मी म्हटलं, थंडी आहे, सांभाळून खेळत असेल.

आता जे लिहायचं आहे ते मी तीन वेळा लिहून फाडलं. एका कागदावर तर मी इस्त्रीमामांच्या गुडघ्याबद्दलच दोन पानं लिहिली. आज फाडणार नाही.

त्या रविवारी मी आडवी झाले नव्हते.

तू हॉटेलचे युनिफॉर्म पोचवायला गेलीस आणि फोन माझ्या उशाशी चार्जिंगला लावलास. संघ उघडाच होता. मी बघत बसले. वर तुझा तो सोनेरी केसांचा, कॅप्टन, अख्खं वर्ष पॉइंट आणणारा. खाली बाकावर पहिल्याच जागी तो बारका, बारीक भुवयांचा, तू स्वस्त म्हणून घेतलेला. वर्षभरात तू त्याला एकदाही खेळवलं नव्हतंस. मी रोज बघायची ना त्याला. मला वाटलं, आज शेवटचा दिवस, त्याची आईसुद्धा टीव्हीसमोर बसली असेल. तुझी बोटं कशी चालतात ते मला पाठ होतं, आधी एकाला दाबायचं, मग दुसऱ्याला. दाबलं. बारका वर गेला, सोनेरी खाली आला, आणि कॅप्टनचा पट्टाही आपोआप बारक्याच्या अंगावर गेला. मुदत संपायला वीस मिनिटं होती.

खरं सांगू का, मला वाटलं होतं की मी त्याला फोनमध्ये उठवलं म्हणजे तिकडे तो खरोखर उठेल. आणि उठला की. शेवटची दहा मिनिटं आला मैदानात. मी एकटीने टाळ्या वाजवल्या. मग त्याने कोणाचा तरी सदरा ओढला आणि पिवळं कार्ड खाल्लं. थोडंसं खेळल्याचा एक मिळाला, कार्डाचा एक गेला. शून्य.

सोनेरीने तीन गोल मारले. बोनस धरून सतरा. कॅप्टन असता तर चौतीस. आता नियम कळल्यावर कळतंय, तो बारका आलाच नसता तर बाकावरचा सोनेरी नियमानेच आत आला असता, आणि नुसत्या सतरानेसुद्धा तू सहाने जिंकली असतीस. पण तो आला. माझ्या टाळ्यांसकट आला.

तू विचारलंस, कोणी हात लावला. तुझा बाप म्हणाला, मी नाही. आणि मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. "बाप आहे तो, झाली असेल चूक, सोडून दे." त्याने केलं असं मी म्हटलं नाही, म्हणून मी खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला समजावत आले. ते खोटंच होतं, उलट जास्त.

वाटलं होतं, फुटबॉलच तो, दोन दिवसांत विसराल. पण तू म्हणालीस, "दुकानात माझं कोणी ऐकत नाही, घरात ऐकत नाही, निदान हे पंधरा तरी माझे होते." तेव्हा कळलं की हे फुटबॉलचं नाही. तोवर तू बॅगेची चेन ओढत होतीस, आणि माझी जीभ काही टाळूवरून सुटेना.

तुझ्या बापाला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला.

आजी

१२ जानेवारी, सोमवार

लंबू,

चार आठवडे तुझा संघ हललेला नाही. अदलाबदल नाही, कॅप्टन तोच, आणि तो तर गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पडलाय. दोघांना लाल खूण लागली आहे, म्हणजे खेळणारच नाहीत, तरी तू त्यांना काढत नाहीस. मी दर शनिवारी मुदत संपली की उघडते, आणि तीच तोंडं.

यादीत मी तुझ्यावर आहे आता. ते मला नको आहे.

तुझं बरोबर आहे. रागाव. पण तू नुसत्या माझ्यावर रागावली असशील तर बापाला त्यातून सोडव, म्हणून काल मी त्याला सांगितलं. रविवार, दुकान अर्धं बंद, तो त्या जांभळ्या पडद्यांच्या घड्या घालत होता. मी म्हटलं, त्या दिवशी लंबूचा फोन मी दाबला. त्याने घडी मोडली. पुन्हा घातली. पुन्हा मोडली.

मग म्हणाला, "दीड वर्ष मी इस्त्रीमामावर संशय घेतला."

वाफेपलीकडून आवाज आला, "म्हणून माझा चहा पाणचट झाला होय, मालक?"

मला हसू आलं, पण तुझा बाप हसला नाही. म्हणाला, "आई, तू म्हणालीस, झाली असेल चूक. मला वाटलं, पोरीला तर वाटतंच आहे, माझ्या आईलाही मीच चोर वाटतोय. मग कोणाला सांगायचं? म्हणून पुन्हा तोंड उघडलं नाही."

माझ्या पदराला विचार मी काय केलं त्यानंतर.

मग तो म्हणाला, "तिला कळव की मी नव्हतो."

मी म्हटलं, ते मी महिन्यापूर्वी कळवलं. आता तू काहीतरी कळव.

"मी काय कळवू? मी खुलासे देत नाही." हे तुला माहीतच आहे, त्याच्या बापालाही हेच दुखणं होतं.

तेव्हा मी त्याला टकलूचं सगळं सांगितलं. तू कसं उत्तर देतेस, मागे चार म्हणजे काय, सगळं. आपल्या दोघींचं होतं ते मी फोडलं, त्याचीही माफी माग म्हणालीस तर मागते. त्याने हातातला पडदा बाजूला ठेवला.

"म्हणजे तो शून्य तिने मुद्दाम घेतला?"

"मुद्दाम."

"तुझ्यासाठी?"

"मग काय टकलूसाठी?"

पाच उभे केले त्याचं मात्र मी सांगितलं नाही. एका दिवशी माणसाला किती धक्के द्यायचे.

आजी

१९ जानेवारी, सोमवार

लंबू,

आता तूच यादी उघडून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

शनिवारी मुदत संपली, आणि पाच मिनिटांत घड्याळजी भिंगासकट रस्त्यापलीकडून. दारातच थांबले. म्हणाले, "मालक, डोक्यात वाफ गेली काय?"

तुझा बाप पहिला होता, वीस पॉइंटांनी. त्याने टकलूला विकत घेतला, तोच तुझा, आणि कॅप्टन केला. इस्त्रीमामांनी इस्त्री खाली ठेवली, गठ्ठा अर्धा असताना. तुझी आई दवाखान्यातून फोन करून विचारते, "यांना ताप आहे का?"

"विचार केलाय," एवढंच बोलला तो.

"कसला विचार? समोरचा संघ आठवड्याला तीन गोल मारतोय."

"मी खुलासे देत नाही."

टकलूने तीनच खाल्ले, सुधारतोय. दोनातला एक गेला, एकाचे दुप्पट दोन. बाकीच्यांच्या कॅप्टनने हैदोस घातला, आणि तुझा बाप घसरून दुसरा, तुझ्या आईच्या खाली. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा त्याच्याकडे बघून फक्त म्हणाली, "पाणी देता का जरा, दुसरे?"

आयुष्यात मी त्याला कोणासाठी असं हसं करून घेताना बघितलं नव्हतं. बघ तू. आणखी मी काही मागत नाही.

आजी

२ मार्च, सोमवार

माझ्या लंबूबाईस,

त्यानंतरच्या शनिवारी तुझ्या संघातले दुखणाईत सगळे बाहेर गेले, तेव्हाच मी ओळखलं होतं की बर्फ वितळायला लागला. पण परवा तू दारात उभी राहशील, आणि तेही दुकान उघडून अर्धा तास झाला नसताना, हे काही तुझा संघ बोलला नव्हता. दारावरची घंटा वाजली, मी म्हटलं हॉटेलवाले आले पडद्यांची तक्रार घेऊन.

तू बघितलंस ते लिहीत नाही. तुझी पाठ होती तिकडे काय झालं ते लिहिते.

तू माझ्या गळ्यात पडून "आजी, बारक्याचं काय झालं पुढे?" म्हणून विचारत होतीस, तेव्हा तुझा बाप तुझ्यामागून आत आलेल्या त्या लिफ्टवाल्याला, तुझ्या खोलीतल्या सोबत्याला, आपादमस्तक बघत होता. पोरगा तुझ्या खांद्याला लागतो, पण उभा ताठ. तुझ्या बापाने त्याला बस म्हटलं नाही, नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"कॅप्टन कोण तुझा?"

पोरगा म्हणाला, "मी फुटबॉल बघत नाही."

इस्त्रीमामांच्या इस्त्रीखाली एक बाही करपली. खरंच सांगते, हॉटेलला भरून द्यावी लागणार. घड्याळजी काळजीने म्हणाले, "मग शनिवारी करता काय तुम्ही?"

"लिफ्ट दुरुस्त करतो. शनिवारीच जास्त अडकतात."

तुझी आई तेवढ्यात त्याच्या डाव्या हाताकडे बघून म्हणाली, "हे मनगट मोडलं होतं ना कधी? नीट बसवलं नाहीये." आणि त्याला खुर्ची मिळाली. मग त्याला संघ करायला बसवलं, उशिरा आलेल्यालाही करता येतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे शंभर ही वजनमर्यादा, आणि पंधरा माणसं?" शंभराला एक दशांश कमी असे बरोबर पंधरा बसवले त्याने. मला तो तिथेच आवडला. बाकावर ठेवण्यासारखा नाही.

आणि मुदतीला दहा मिनिटं असताना तुझ्या बापाने काय केलं ते तू बघितलंस, पण मी सांगते ते वेगळं. त्याने स्वतःचा फोन, संघ उघडा, तुझ्यासमोर टेबलावर ठेवला. म्हणाला, "तुला पटेल ते कर यात," आणि मागच्या खोलीत गेला. तुला वाटलं असेल तो कामाला गेला. काम नव्हतं. तो त्या रिकाम्या इस्त्रीच्या टेबलापाशी हात मागे बांधून उभा होता, परीक्षेच्या खोलीबाहेर बाप उभा राहतो तसा. आणि मी पडद्याआडून त्याला बघत होते.

तूपण कमाल केलीस. एक फुकट, वर दोन जास्तीच्या, तीन अदलाबदली. आठ पॉइंट दंड त्याच्या माथी. ऑगस्टपासून हट्टाने धरून ठेवलेले त्याचे तिघे तू दहा मिनिटांत उडवलेस. "हे सगळे मागच्या वर्षीचे आहेत," मागच्या खोलीत ऐकू जाईल असं म्हणालीस, "आणि पांढरे कपडे रंगीत कपड्यांत धुणं अजून थांबवलं नाहीत ना तुम्ही?" एवढं बोलून तू चहा प्यायलीस.

आता निकाल. तू आणलेल्या तिघांतल्या एकाने गोल मारला, एकाने काही नाही, एकाने पिवळं कार्ड. हिशेब घाट्याचा. तुझा बाप घसरून तिसरा, घड्याळजी दुसरे. तुम्ही काल संध्याकाळी गेल्यावर घड्याळजी आलेच, चेहऱ्यावर सहानुभूती आणि मिशीत हसू. "मालक, तुमच्या पोरीने वाट लावली."

तुझ्या बापाने फोन त्यांच्यासमोर धरला आणि एकेक नाव बोटाने दाखवलं. "हिचा विचार लांबचा आहे. पुढचे सहा सामने सोपे आहेत यांचे. तुम्हाला नाही कळायचं." आणि हे त्याने शेजारच्या बेकरीत सांगितलं, हॉटेलच्या माणसाला सांगितलं, दवाखान्यातून डगले न्यायला आलेल्या शिपायाला सांगितलं. त्या शिपायाला फुटबॉल गोल असतो एवढंच माहीत होतं. लंबू, खुलासे न देणारा तुझा बाप कालपासून नुसते खुलासे देत फिरतोय.

आज सकाळी त्याने दुसरं एक मोठं टोपलं आणलं. त्यावर खडूने लिहिलंय, "पांढरे". इस्त्रीमामांनी विचारलं, हे कशाला? तर म्हणतो, "पोरीने बदल केलाय. तुमचा विचार कोणी विचारला नाही."

माझ्याबद्दल तू काही बोलली नाहीस, रागाने नाही आणि लाडाने नाही. निघताना तेवढं म्हणालीस, "आजी, माझा फोन यापुढे तुझ्या उशाशी ठेवणार नाही." मग बॅग गाडीत ठेवून परत आलीस, माझ्या हातात तुझा नवा नंबर दिलास आणि म्हणालीस, "पण हा लाव." मी लावणार आहे. पत्रंही टाकणार आहे, ती मला आता सोडवत नाहीत.

आणि पुढच्या खेपेचं. तो लिफ्टवाला म्हणाला, शनिवारी मला सुट्टी मिळत नाही. तू म्हणालीस, मिळेल. त्याने तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, मिळेल. मग तुझ्या बापाने कॅलेंडर उतरवलं, भिंग मागून घेतलं, सामन्याची वेळ बघितली, दीड तास मागे मोजला आणि त्या चौकोनात पेनने लिहिलं. लिहून झाल्यावर मला वाचायला लावलं, मी वाचलं, बरोबर आहे. तुम्ही दोघं पुन्हा येणार, शनिवार, चौदा मार्च, सकाळी साडेनऊच्या आत.

आजी